ताडपत्रीचं तळं

खुरप्याने मातीचं एक ढेकूळ सुटं करून त्याने बाजूला ठेवलं, खुरपं खाली टाकलं आणि मनगट धरलं. नाडी लागत होती. जरा जोरात, पण लागत होती. ती शांत होईपर्यंत तो मागच्या भिंतीला टेकून बसून राहिला. मग दुसरं ढेकूळ.

"या वेगाने खणलंत दाजी, तर मासे नाही, माशांची नातवंडं येतील राहायला," कुंपणाला रेलून उभा असलेला मेहुणा म्हणाला.

तो हसल्यासारखं करून पुन्हा वाकला. डेपोत सगळे त्याला सावकाशराव म्हणायचे. रस्ता मोकळा असला तरी तो बस पळवत नसे, आणि त्या नावाचा त्याला मनातून अभिमानच होता. पण हा सावकाशपणा निराळा होता, तो फक्त त्याला ठाऊक होता.

बस चालवतानाच ते झालं होतं. उताराचा रस्ता, गाडी माणसांनी भरलेली, आणि डावा हात खांद्यापासून कुणीतरी पिळून काढतंय असं दुखू लागलं. त्याने बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागून एक जण ओरडला, झोपायचं होतं तर घरी झोपायचं. गाडीतल्या एकालाही साधं खरचटलं नाही. वरच्या साहेबांनी दवाखान्यात येऊन कौतुक केलं, बरा झालास की चौकशीच्या खिडकीवर बसायचं हलकं काम देतो म्हणाले.

तो बरा झाला. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं, फिरा म्हणाल्या, रोज थोडं जास्त. पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं की त्याला वाटे, इथेच पडलो तर? मग तो परत फिरे. आंघोळीला जाताना कडी लावत नसे. डाव्या कुशीवर झोपणं त्याने सोडून दिलं होतं. बायको सकाळी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला गेली की घर इतकं शांत होई, की त्याला स्वतःच्याच छातीतला आवाज ऐकू येई, आणि तो आवाज एखादा ठोका चुकवतोय का, हे ऐकत तो खुर्चीत बसून राही. कुणी विचारलं तर म्हणे, थकवा आहे.

पुढच्या तपासणीला गेला तेव्हा बाहेरच्या खोलीत माशांची काचेची पेटी ठेवलेली होती. नंबर यायला वेळ होता. एक पिवळा मासा पाण्यात नुसता उभा होता, कल्ले हलवत. तो बघत बसला. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा बायकोने कोपराने ढोसलं. आत जाताना त्याच्या ध्यानात आलं, एवढ्या वेळात आपण एकदाही नाडी पाहिली नाही.

घरी त्याने तसं काही सांगितलं नाही. घराच्या मागच्या अंगणात मासे पाळावेत का, एवढंच विचारलं. मेहुणा तिथेच होता. काचेची पेटी कशाला, तो म्हणाला, आयुष्यभर खड्डे चुकवलेत, आता एखादा स्वतः खणा.

त्याला खणता येत होतं असं नाही. तळं कसं करतात हे कधी पाहिलेलंही नव्हतं. कुंपणाकडच्या भागात माती मऊ लागली म्हणून तो तिकडे सरकत गेला, आणि एका सकाळी कंबर सरळ करायला उभा राहिला तर समोर लांबुळका, अरुंद खड्डा. जवळजवळ त्याच्याच उंचीचा. कडा नीट कापलेल्या.

खुरपं तिथेच टाकून तो आत गेला आणि दिवसभर मागचं दार उघडलं नाही. संध्याकाळी बायको कपडे काढायला मागे गेली. बराच वेळ आली नाही. आली ती घड्या घालत म्हणाली, जरा गोल केलं तर बरं दिसेल, नाही का. दुसऱ्या दिवशी त्याने एक टोक बुजवलं आणि मधला भाग रुंद केला.

सिमेंट करायची ऐपत नव्हती आणि ते जमलंही नसतं. ट्रकवर टाकायची जुनी ताडपत्री डेपोसमोरच्या भंगारवाल्याकडून मेहुण्याने आणून दिली. खालचे खडे टोचून तिला भोक पडू नये म्हणून बायकोने धुलाईघरातल्या बाद झालेल्या चादरी मागून आणल्या. खड्ड्यात त्या पांढऱ्या चादरी पसरताना तो मध्येच थांबला. या कुणाकुणाच्या अंगाखाली गेल्या असतील, आणि त्यातले किती घरी गेले असतील? पण ते मनातच ठेवून त्याने वर ताडपत्री अंथरली, कडेला विटा मांडल्या आणि नळाची नळी आत सोडली.

पाणी चढत गेलं, मांडीइतकं खोल झालं. त्याच संध्याकाळी मासे आणून सोडले. सकाळी ते सगळे आडवे तरंगत होते.

तो विटांपाशी बसला तो उठेचना. बायकोने मासे काढून कुंपणापाशी पुरले. ती म्हणत होती, काहीतरी चुकलं असेल, विचारून येऊ. त्याला मात्र एकच दिसत होतं. रात्री पोहत होते आणि सकाळी नव्हते. तसंच असतं ते. झोपेत, कुणाला न कळता.

मासे आणले होते त्या दुकानातल्या बाई जोरात हसल्या. नळाच्या पाण्यात औषध असतं हो, त्या म्हणाल्या, पाणी उघड्यावर शिळं होऊ द्यायचं, मग मासे सोडायचे. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण माशांची पहिली खेप मरू देऊनच शिकतो. एखादा छोटा पंप ठेवा, पाणी हलतं राहिलं पाहिजे. आणि वीज गेलीच तर पाणी काढून उंचावरून ओतत राहा, म्हणजे त्यात हवा मिसळते.

मेहुण्याने जुन्या कूलरचा पंप बसवून दिला. नवे मासे आले आणि जगले. एक काळा होता, त्याला बायको 'इन्स्पेक्टर' म्हणू लागली, कारण तो सगळीकडे तोंड घालून येई. सावकाशराव आता सकाळभर विटांवर बसे. भीती गेली होती असं नाही. तिच्यात भर पडली होती. तो आता आपल्या ठोक्यांच्या जोडीला पंपाची घरघरही ऐकत असे.

ती घरघर एका रणरणत्या दुपारी थांबली.

आधी त्याने मनगटच धरलं. मग कळलं, वीज गेली आहे. येईल, म्हणून तो बसून राहिला. ऊन ताडपत्रीवर तापत होतं. पाण्यात हात घातला तर कोमट. हळूहळू मासे वर येऊ लागले. पाण्याबाहेर तोंडं काढून ते हवा गिळत होते, गोल तोंडं उघडत, मिटत, उघडत. त्याला ते बघवेना. दवाखान्यात नळी लावण्याआधी आपणही असेच दिसत असू.

त्याने मेहुण्याला फोन लावला. उचलला नाही. बायको धुलाईघरात असताना तिचा फोन बाहेर कपाटात असे. शेजारचं घर कुलूपबंद.

रंगाचं एक रिकामं डबडं होतं. त्याने ते पाण्यात बुडवलं, छातीइतकं वर उचललं आणि ओतलं. पाण्यात बुडबुडे उठले. मासे तिकडे सरकले. पुन्हा बुडवलं, पुन्हा उचललं. थोड्याच वेळात छाती धडधडू लागली. शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी होती. ती आहे ना, हे त्याने वरून चाचपलं. दुखत होतं का? दुखत नव्हतं. की दुखत होतं? पाण्यात तोंडावर पडलो तर, असा विचार आला तसा तो जागा बदलून अशा बेताने उभा राहिला, की पडलोच तर मागे मातीवर पडू. आणि ओतत राहिला. थांबला की मासे वर येत. म्हणून तो थांबेना. घाम डोळ्यांत उतरला होता. नाडी बघायला हात मोकळा नव्हता.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा पुढचं दार उघडल्याचा आवाज झाला. "अहो?" बायकोची हाक आली. ओ द्यायला त्याच्याकडे श्वास नव्हता. "अहो!" मग धावत येणारी पावलं.

ती मागच्या दारात येऊन थबकली. चौकट धरून उभी राहिली. तिचा तो चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. इतके दिवस घरात शिरली की ती भाजीबद्दल, बसच्या गर्दीबद्दल बोलत शिरे. या चेहऱ्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

"वीज गेली," तो कसाबसा म्हणाला. डबडं पाण्यात तसंच धरून तो विटांवर बसला. "मला भीती वाटते गं. रोज वाटते. थकवा नाही तो."

"माहीत आहे."

"आंघोळीला कडीसुद्धा लावत नाही मी."

"तेही माहीत आहे." ती येऊन समोरच्या विटांवर बसली. दोन्ही हात तिने मांडीवर दाबून धरले. "मी रोज किल्ली कुलपात घालते आणि दारात उभी राहते. तुम्ही खोकलात, खुर्ची सरकवलीत, काहीतरी ऐकू आलं की मग उघडते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "आणि काहीच ऐकू नाही आलं तर?"

"तर थांबते."

"किती वेळ?"

"येतो आवाज," ती म्हणाली. "आज नाही आला. आज तसंच उघडलं."

एक मासा कुशीवर कलंडला होता, कल्ले थांबलेले. इन्स्पेक्टर. तिने दोन्ही तळव्यांनी त्याला उचललं, क्षणभर पाहिलं आणि बाजूला ओल्या मातीवर ठेवलं. मग आत जाऊन भाताचं मोठं पातेलं घेऊन आली, बाह्या वर सारल्या आणि ते पाण्यात बुडवलं.

तो ओतू लागला. त्याचं झालं की ती ओते. तिचं झालं की तो. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातला दिवा आपोआप लागला, तळ्यात पंप घरघरला. दोघांनी तो ऐकला. पण पाणी खाली पडतच राहिलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.