पेलेल तेवढं नेट

माझा मुलगा शौनक दिवाळीला पुण्याहून एवढ्या लांब गावी, उंद्रीला येतो तो मला भेटायला नाही, कॉम्प्युटरला भेटायला. हे मी चिडून सांगते आहे, पण आहे ते खरं. कॉलेजात असताना घेतलेलं त्याचं ते खोकं अजून त्याच्या खोलीत आहे. अधूनमधून ते रुसतं, नेट अडकतं आणि मग हा येतो. दोन दिवस राहतो, त्यातला दीड दिवस डोकं त्या खोक्यात. मी चहा ठेवून जाते, चहा थंड होतो. पण घरात कोणीतरी ‘आई’ म्हणून हाक मारतं. हे गेल्यापासून तेवढ्यावरच मी दिवस काढते.

तशी ही खोली पूर्वी कधी रिकामी नसायची. मी गावच्या शाळेत शिकवलेलं, त्यामुळे काही अडलं की लोक माझ्याकडे. बोंडअळी आली त्या वर्षी माणसं कपाशीची बोंडं खिशात घालून यायची.

“बाई, पाहा ना, हेच हाये का ते?”

मी पडद्यावर अळीचा फोटो दाखवायची. ती आपलं फोडलेलं बोंड पडद्याशी धरून बघायची आणि परत खिशात घालायची. बीटी कपाशीला अळी लागत नाही, असंच सगळे धरून चालले होते. त्यानंतर शेजारचे उद्धवराव बायकामुलांसह सुरतेला गेले, मग समोरचे गेले. आता आमच्या ओळीत दिवा लागतो तो एकट्या माझ्या घरात.

यंदा मी ठरवलं, शौनक यायच्या आत ते खोकं धडधाकट करून ठेवायचं. म्हणजे आल्यावर त्याला कामच उरणार नाही. बसेल ओट्यावर, बोलेल माझ्याशी. म्हणून नेटचा सगळ्यात वेगाचा प्लॅन घेतला. खोकं ढिम्म! शेवटी चिखलीहून नेट जोडणाऱ्या अनसला बोलावलं. तो मागून-पुढून बघून हसला.

“काकू, मशीन म्हातारं झालं हे. जुन्या पाइपाले मोठी मोटर लावली तुम्ही. त्याले एवढं नेट पेलतच नाही.”

“मंग काय, नवं घेऊ?”

“काऊन? जेवढं पेलते तेवढंच द्या त्याले.”

त्यानं प्लॅन खालचा केला. वायफाय पकडणारी जुनी काडी काढून थेट वायर जोडली आणि आत उगाच चालू असलेलं बरंच काही बंद केलं. खोकं सुरू झालं, व्हिडिओ न अडकता चालला. मला इतका आनंद झाला की अनसला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. लगेच अनारशाचे तांदूळ भिजत घातले. शौनकच्या गादीला ऊन दाखवलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

“आई, कॉम्प्युटर काय म्हणतो?”

“येऊन पाह्य ना. पळून राह्यला नुसता!”

“नेट अडकत नाही?”

“बिलकुल नाही.” मी शहाणीनं तोऱ्यात सांगितलं.

“अरे वा! मग मी इथूनच बघतो सगळं. आता मी सांगतो तसं दाब.”

मी दाबलं. पडद्यावर एक आकडा आला, तो त्याला वाचून दाखवला. आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला.

“आई, हा मीच आहे,” तो फोनवर म्हणाला. “बघ, आता यायची गरजच नाही. सुट्टीपण कमी आहे यंदा. तिकीट रद्द करून टाकतो.”

अनारशाचं पीठ तयार आहे म्हटलं असतं, तर तो म्हणाला असता, कुरियर कर. त्याची खोली, त्याची खुर्ची, त्याचा बाण इकडून तिकडे पळतोय आणि घरात माझ्याशिवाय कोणी नाही. इतकं एकटं मला हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

माऊस टेबलावर नुसता पडून होता. लहानपणी अक्षर गिरवताना त्याच्या मुठीवर ठेवायची, तसा मी त्यावर हात ठेवला. बाण थरथरला आणि थांबला.

“आई, माऊसला हात लावू नको ना. काम अडकतंय माझं.”

मी हात काढून मांडीवर ठेवला. बाण पुन्हा चालू लागला.