लाल ठिपके

सासऱ्यांचं श्वासाचं मशीन बिघडलं तेव्हा सुनेने ते स्वतःच उघडून दुरुस्त केलं, आणि कसं केलं त्याचा व्हिडिओही टाकला. हातमोजे घातले होते, चेहरा दाखवला नव्हता. पण घड्याळजी वडिलांकडून उचललेली सवय नडली. उघडलेला स्क्रू परत बसवला की त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, आणि व्हिडिओत ते ठिपके दिसत होते.

आता घरोघरची मशीनं तपासत आलेला कंपनीचा तपासनीस सासऱ्यांच्या पलंगाशी उभा होता.

"मशीन उघडणं गुन्हा आहे," तो शांतपणे म्हणाला, "आणि कसं उघडायचं ते लोकांना सांगणं त्याहून मोठा गुन्हा."

व्हिडिओ तिने सकाळीच काढून टाकला होता, पण ठिपके पुसायचे राहूनच गेले होते. त्याने मशीन उलटं केलं. सगळ्या स्क्रूंवर लाल.

"व्हिडिओतलंच आहे हे. कोणी उघडलं?"

कपाटात लपवलेली नेलपॉलिशची बाटली सासऱ्यांच्या उशीजवळ कशी आली, ते तिला कळेना.

सासऱ्यांनी मास्क बाजूला केला आणि हात चादरीबाहेर काढले. सगळी नखं लालभडक, निम्मा रंग बोटांवर फासलेला.

"मी," ते धापा टाकत म्हणाले. "मशीन माझं, तोंडही माझंच. उघडलं मी, सांगितलं मी. पोरीकडे काय बघता?"

"ठीक आहे. मग पुरावा म्हणून हे मशीन न्यावं लागेल."

इतका वेळ ती स्वतःसाठी घाबरत होती. तपासनिसाने भिंतीतला प्लग काढला, तेव्हा तिला खरी भीती कळली.