ससोबाची हाक

"मला भीती वाटते" असं कुणी म्हटलं, की आपण काय करतो? बहुतेक वेळा हसतो. घरात मुलगा म्हणाला तर "एवढा घोडा झालास आणि घाबरतोस?" म्हणून त्याला गप्प करतो. कचेरीत एखादा सहकारी म्हणाला तर त्याला टोपणनाव चिकटवतो आणि चहा पिताना ते नाव घेऊन पुन्हा हसतो. त्यात वाईट काही आहे असं आपल्याला वाटतही नाही. अशाच एका टोपणनावाची ही हकीकत आहे.

राज्याच्या वन खात्यात वणवे विझवणारी पथकं असतात. त्यातल्या एका पथकाची ती प्रमुख होती. पथकातले सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे होते तेसुद्धा. ती प्रमुख म्हणून रुजू झाली तेव्हा एक जुना कामगार सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ताई, चूल पेटवणं वेगळं आणि वणवा विझवणं वेगळं." त्या दिवशी तिने मनाशी गाठ मारली की या माणसांना आपल्या चेहऱ्यावर भीती कधी दिसू द्यायची नाही.

आणि तिने ती दिसू दिली नाही. उन्हाळ्यात डोंगर पेटला की ती सगळ्यांच्या पुढे असायची. तो जुना कामगारच मग नव्या लोकांना सांगायचा, "आपल्या ताईला आग घाबरते."

खरी गोष्ट तिच्या एकटीला ठाऊक होती. सकाळी कामावर निघताना ती बुटांच्या नाड्या घराबाहेर, पायरीवर बसून बांधायची.

"आत पंख्याखाली बसून बांध ना," नवरा म्हणायचा. तो औषधांच्या दुकानात काम करायचा आणि तिच्यानंतर घराबाहेर पडायचा.

"उशीर होतोय," ती म्हणायची.

उशीर वगैरे काही नव्हता. तिची बोटं थरथरायची, ती त्याला दिसू नयेत एवढंच. एकदा त्याने सरळ विचारलं, "तुला भीती नाही का गं वाटत?"

"मला? छे. मी तर तुझ्या आईच्या हाताखाली तयार झालेय."

तो खो खो हसला. तीही हसली, आणि कोपऱ्यावर वळल्यावर कुंपणाला धरून थोडा वेळ उभी राहिली.

जो आपली भीती दाबून ठेवतो, त्याला दुसऱ्याची भीती सहन होत नाही. ताईचं तसंच झालं होतं.

पथकात एक सडपातळ, मोठ्या कानांचा माणूस होता. कामाला चांगला, पण प्रत्येक वणव्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "मागे फिरायची वेळ आली तर वाट कुठली?" ताईनेच त्याचं नाव ससोबा ठेवलं. नाव एकदम चिकटलं. काही दिवसांत त्याचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं.

एकदा त्याने टेकडीवरून वॉकीटॉकीवर ओरडून सांगितलं की मागच्या बाजूने धूर येतोय. सगळं पथक हातातलं काम टाकून खाली धावलं. पाहतात तर कच्च्या रस्त्याने एक ट्रक गेला होता आणि त्याची धूळ उडाली होती. सगळे धापा टाकत उभे असताना ताई म्हणाली, "ससोबा, उद्या येताना तुझ्यासाठी बांगड्या आणते. कुठला रंग आवडतो?"

माणसं पोट धरून हसली. बाईनेच असं म्हटल्यामुळे तर जास्तच हसली. ससोबाही हसला, कारण न हसणं त्याहून वाईट दिसलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डोंगराच्या उतारावर मोठा वणवा लागला. खाली वस्ती होती. वणवा आणि वस्ती यांच्यामध्ये जाळरेषा काढायची, म्हणजे गवत-झुडपं कापून जमिनीचा एक पट्टा उघडा करायचा, की आगीला पुढे खायला काही मिळू नये. पथक जिथे काम करणार होतं तिथून मागे एक घळ होती आणि घळीच्या पलीकडे जीप उभी होती. घळ वाळलेल्या काट्याकुट्यांनी गच्च भरली होती.

काम सुरू होण्याआधी ताईने सगळ्यांना गोळा केलं. ससोबा म्हणाला, "ताई, मागची ती घळ बघा. वरून एक ठिणगी तिकडे उडाली तर आपण मध्ये सापडू. आधी दुसरी वाट ठरवून घेऊ या का?"

ताईने ती घळ आल्या आल्याच पाहिली होती, आणि पाहताक्षणी तिच्या छातीत धस्स झालं होतं. नेमकं तेच त्याने चारचौघांत बोलून दाखवलं, म्हणून ती उसळली.

"तुला वाट हवी ना? तो बघ, आलो तो रस्ता. सरळ तुझ्या घरी जातो."

पुन्हा हशा पिकला. ससोबा खाली मान घालून उभा राहिला. ताईने त्याला मागच्या खडकावर उभं राहून लक्ष ठेवायला सांगितलं आणि बाकीच्यांना घेऊन ती कामाला लागली.

दुपार चढली तसा वारा गरम झाला. वरून आगीचा आवाज येत होता, पत्र्यावर खडी ओतावी तसा. खडकावर उभ्या असलेल्या ससोबाला घळीत एक बारीक, करडी रेघ वर चढताना दिसली. त्याने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली घेतला. धूळ असली तर? सगळी पुन्हा काम टाकून धावत येतील, आणि मग पुन्हा तेच. आधी स्वतः बघून यावं, मगच सांगावं.

तो खडक उतरून घळीत गेला. धूळ नव्हती. अंथरायच्या चादरीएवढी जागा पेटली होती. तेव्हाही सांगता आलं असतं. पण त्याच्या मनात आलं, एवढी तर मी एकटाच विझवीन, म्हणजे कुणाला कळायलाच नको. त्याने एक ओली फांदी तोडली आणि ज्वाळा झोडपायला लागला. अर्धीअधिक विझलीही. तेवढ्यात घळीतून वाऱ्याचा झोत आला आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही बाजूंची झुडपं भडाभडा पेटली.

ताईच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला. "ताई, घळ पेटलीय. मागे येऊ नका, वाट बंद झालीय." मग खोकल्याची उबळ आणि, "मी आधीच सांगायला हवं होतं." पुढे नुसती खरखर.

ताईने मागे वळून पाहिलं. जिथून ते आले होते तिथे केशरी भिंत उभी होती. समोर वणवा होताच. मध्ये ती आणि तिची माणसं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. नेहमी काहीतरी ठणकावून सांगणारी ताई गप्प होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: मी यांना इथे आणलं, आता मला काहीच सुचत नाही.

एवढी वर्षं जे शब्द तिने गिळले होते, ते आपोआप बाहेर पडले.

"मला भीती वाटतेय. मला काही सुचत नाहीये. कुणाला काही दिसत असेल तर बोला!"

मग तोच जुना कामगार, चुलीवरून टोमणा मारणारा, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, उजवीकडे खाली सकाळी जळून गेलेला तुकडा आहे. तिथे आता जळायला काही उरलेलं नाही."

"चला!" ताई ओरडली.

ते धावले. धुरात हात धरून, ठेचकाळत धावले आणि त्या काळ्या तुकड्यात जाऊन पालथे पडले. पाण्याच्या बाटल्या फडक्यांवर रिकाम्या केल्या, फडकी तोंडावर दाबली. खालची राख अजून गरम होती. दोन्ही बाजूंनी आगीचा घोंघाट आला आणि उष्णता पाठीवरून अशी गेली की कुणीतरी तापलेला तवा टेकवतोय असं वाटावं. ताईच्या शेजारी पडलेला दणकट गडी लहान मुलासारखा रडत होता. तिने त्याचा हात पकडला. ती स्वतःही रडत होती. आपण आता संपलो, असं तिला वाटलं, आणि नवऱ्याला एकदाही खरं सांगितलं नाही याची खंत वाटली.

आग पुढे निघून गेली. खालच्या वस्तीजवळ दुसऱ्या पथकाने ती अडवली. जीप जळून कोळसा झाली, पण काळ्या तुकड्यातली सगळी माणसं जिवंत होती. ससोबा घळीवरच्या खडकावर सापडला. दोन्ही हात आणि पाठ भाजली होती. शुद्ध होती, पण बोलवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात गेली. जळीत कक्षाबाहेरच्या बाकावर ससोबाची बायको बसली होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ताईला वाटलं, ही आता आपल्याला फाडून खाईल. पण तिने बाकावरची पिशवी उचलून जागा करून दिली.

"डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळलाय," ती म्हणाली. "हातांचं मात्र वेळ लागेल."

"त्यांनी मला लवकर कळवलं असतं तर..." ताईने बोलायला सुरुवात केली आणि तिचं तिलाच ते वाक्य पुढे नेता आलं नाही.

"मीही रात्रभर तोच विचार केला," बाई म्हणाल्या. "घरी ते मला सगळं सांगतात. गॅसचा वास आला, सांगतात. मुलीला ताप वाटतोय, सांगतात. माझा नवरा भित्रा नाही, ताई. भित्रा असता तर आगीत उतरला नसता. मग तुम्हाला सांगायला त्यांची जीभ का नाही उचलली?"

ताईने जळीत कक्षाच्या दाराकडे पाहिलं.

"माझ्या वर्गातलं सांगते. एखाद्या मुलाने 'बाई, समजलं नाही' म्हटलं आणि मी हसले, तर त्या दिवसापासून अख्ख्या वर्गाला सगळं समजायला लागतं. कुणी हातच वर करत नाही. परीक्षेत कळतं, कुणालाच काही आलेलं नव्हतं. शाळेत निदान पुन्हा परीक्षा घेता येते. तुमच्या डोंगरावर घेता येते का?"

ताईने पदराने तोंड पुसायला हात वर नेला आणि आपण खाकी गणवेशात आहोत हे तिच्या लक्षात आलं. तिने बाहीनेच डोळे पुसले.

"ती घळ बघून मीही घाबरले होते," ती म्हणाली. "त्यांच्या आधीच. तरी हसले त्यांना."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? आत जाऊन त्यांना सांगा."

ताई आत गेली आणि तिने त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. पट्ट्यांत गुंडाळलेल्या त्या माणसाने डोळे उघडले. आपल्यालाच हाक मारली, हे कळायला त्याला जरा वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात वरिष्ठ साहेबांनी ताईला बोलावलं. साहेब खूश होते. "माणसं वाचवलीत. अहवालात लिहू, वारा अचानक फिरला. विषय संपला."

"वारा फिरला ते खरं, साहेब. पण धोक्याची सूचना सकाळीच मिळाली होती. मी ती हसण्यावारी नेली. तेही लिहा."

"अहो, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"माझ्या पायावर पडू दे, साहेब. नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात पडेल."

तिला लेखी ठपका मिळाला. घरी आल्यावर तिने तो नवऱ्याला दाखवला आणि डोंगरावर काय झालं, रोज सकाळी काय होतं, सगळं सांगितलं. तो हसला नाही. नुसता ऐकत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात पहिला वणवा लागला तेव्हा ससोबा म्हणवला जाणारा तो माणूस अजून फांद्या तोडू शकत नव्हता. त्याला कचेरीत वॉकीटॉकीवर बसवलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी ताईने सगळ्यांना गोळा केलं.

"आधी माझं सांगते," ती म्हणाली. "मला तो डावीकडचा कडा बघून भीती वाटतेय. आणखी कुणाला कशाची भीती वाटते?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर मान खाजवत म्हणाला, "कारण विचाराल तर सांगता येणार नाही, ताई. पण गाडी इथे लावायला मन घेत नाही."

"मग हलव. कुठे लावू म्हणतोस?"

टँकर बराच मागे, उघड्या माळावर नेला. त्यामुळे पाण्याचा पाइप जोडत जोडत लांब ओढावा लागला, सगळ्यांचे खांदे दुखून आले. संध्याकाळपर्यंत वणवा विझला. टँकर आधी जिथे होता तिकडे आग फिरकलीसुद्धा नाही.

ड्रायव्हर ओशाळून म्हणाला, "उगाच सगळ्यांना त्रास दिला."

"दिलास," जुना कामगार खांदा चोळत म्हणाला. "उद्या वाटलं तर उद्याही दे."

कुणी हसलं नाही. ताईने ड्रायव्हरच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस."

मंडळी, भीती बोलून दाखवणाऱ्याचं दर वेळी बरोबरच असतं असं नाही. दहादा तो चुकेल. पण अकराव्या वेळी त्याने बोलावं असं वाटत असेल, तर आधीच्या दहा वेळा आपण त्याला हसता कामा नये. घर असो, कारखाना असो की पेटलेला डोंगर, घाबरलेल्या माणसाचं आधी ऐकून घ्या. आणि आपण स्वतः घाबरलो असू, तर तेही वेळेवर सांगा. त्याने कुणाची मान खाली जात नाही.