डावीकडची मेणबत्ती

तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी फक्त लग्नाला आणि मयताला दिसणारे लोकसुद्धा इस्त्रीचे कपडे घालून भिंतीला पाठ लावून उभे होते. प्रार्थना करायला त्यांतलं कुणी आलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाला मेणबत्ती विझते, ते बघायला सगळे आले होते.

आमच्या चर्चमध्ये वेदीवर दोन मोठ्या मेणबत्त्या असतात. उजवीकडची धर्मगुरूंची आणि डावीकडची आम्हा साध्या माणसांची. प्रवचन संपलं की फादर आजाऱ्यांची, मेलेल्यांची आणि वाट चुकलेल्यांची नावं वाचतात आणि सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. रीत जुनी आहे, चांगली आहे. पण गेले दोन रविवार वाट चुकलेल्यांच्या यादीत एकच नाव होतं, आणि ते फादरांच्या तोंडून निघालं की डावी मेणबत्ती फडफडून विझत होती.

त्या दिवशीही विझली. पहिल्या रांगेतल्या बायकांनी छातीवर क्रूस काढला. कुणीतरी हुंदका दिला. फादरांनी डोळे मिटले, हात पसरले आणि मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाले, "मी कोण? एक साधा सेवक. मी निकाल देत नाही. निकाल वरून येतो."

वरून. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते.

धाकटी चर्चच्या शाळेत अठरा वर्षं गणित शिकवत होती. पहिल्या नवऱ्याने दोनदा तिचं मनगट मोडलं, तेव्हा कोर्टातून घटस्फोट घेऊन ती सुटली. चार वर्षांनी चष्म्याच्या दुकानातल्या एका शांत माणसाशी तिने सरकारी कचेरीत सह्या करून लग्न केलं. देशाच्या कायद्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. चर्चच्या कायद्याला दिसलं. त्या कायद्यात पहिलं लग्न फक्त मरणाने तुटतं, म्हणून दुसरं लग्न हा व्यभिचार, आणि अशी बाई मुलांसमोर उभी राहायला नालायक. एका पानाचं पत्र आलं आणि नोकरी गेली. चौकशी नाही, नोटीस नाही, तुझं काय म्हणणं आहे असा साधा प्रश्नही नाही.

आणि तो मनगट मोडणारा? तो गायकवृंदात उभा राहून वरच्या पट्टीत स्तोत्रं गातो. त्याच्या नावाला कधी वारासुद्धा लागला नाही.

धाकटीने कोर्टात दावा लावला. सुनावणी चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी होती. तिच्या कामाबद्दल अठरा वर्षांत एकही तक्रार नव्हती, हे सांगायला शाळेतले तिघे तयार झाले होते: विज्ञानाच्या बाई, संगीताचे सर आणि ग्रंथपाल. दावा त्या तिघांवर उभा होता. मेणबत्तीचा चमत्कार सुरू झाला तोसुद्धा साक्षीदारांची नावं कोर्टात दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी. तेव्हा मी म्हटलं होतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण कावळा दर रविवारी त्याच फांदीवर बसायला लागला.

आता माझं सांगते. ती मेणबत्ती माझी होती. वडिलांच्या मागे त्यांचा मेणबत्त्यांचा कारखाना मी चालवते. कारखाना कसला, तीन कढया, साचे आणि वाती टांगायच्या दोऱ्या. लोक मला मेणबाई म्हणतात. वेदीच्या मेणबत्त्या चाळीस वर्षं आमच्याकडून जातात आणि एकही मधेच विझलेली नाही. बहिणीचा अपमान झाला त्याने माझं रक्त उकळत होतंच, पण माझी मेणबत्ती विझली म्हणजे काय? दुसऱ्या रविवारनंतर मी त्याच घाण्यातली एक मेणबत्ती कारखान्यात लावून ठेवली. दिवसभर जळली, शेवटच्या बोटभर मेणापर्यंत.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तिघेही साक्षीदार धाकटीकडे येऊन गेले. आधी संगीताचे सर, मग बाकीच्या दोघी, वेगवेगळ्या, पण बोलणं एकच. तुझ्याबद्दल मनात काही नाही, पण देवाच्या विरोधात कसं उभं राहायचं. मी पोचले तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात कोरड्याच कपबश्या पुसत बसली होती. दावा मागे घेते म्हणाली. मी भांडायला तोंड उघडलं, तर ती हळूच म्हणाली, "ताई, तीनदा विझली गं. मी खरंच चुकले असेन का?"

मुलांना सिद्धतेशिवाय काही मानू नका म्हणून शिकवणारी ही बाई. तिच्या डोक्यातसुद्धा फादरांनी शिरकाव केला होता. नोकरी गेली तेव्हा मी चिडले होते, आता मात्र माझ्या अंगाची लाही झाली.

चर्चमधले मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे दर सोमवारी पत्र्याच्या डब्यातून आमच्याकडे येतात, ते वितळवून आम्ही लहान मेणबत्त्या करतो. डबा घंटेकाका आणतात. घंटा वाजवणं, झाडलोट, दिवाबत्ती, सगळं तेच बघतात. आधीच्या दोन सोमवारी डब्यात वेदीची डावी मेणबत्ती नव्हती. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले होते, फादरांनी ठेवून घेतली, पवित्र आहे म्हणे. पण तीस वर्षांची सवय. तिसऱ्या रविवारी काकांच्या हातांनी ती डब्यात टाकली आणि काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

विझलेल्या मेणबत्तीच्या डोक्यावर काळी पडलेली वात असतेच. या मेणबत्तीला वात नव्हती. वरचं मेण गोठून गुळगुळीत झालं होतं. कडेला वाटाण्याएवढं ठिगळ होतं. आमचं मेण पिवळट, ठिगळ पांढरंफटक, बाजारातल्या स्वस्त मेणबत्तीचं. मी सुरीने मेण खरवडत गेले. नखभर खाली वात लागली. तिचं टोक जळलेलं नव्हतं. ते ब्लेडने कापलेलं होतं.

इतकंच. बाजूने भोक पाडायचं, आतली वात नखभर कापून काढायची, भोक मेणाने बुजवायचं. ज्योत वातीच्या टोकाशी पोचली की पुढे जळायला काही नाही, ती आपल्याच मेणात बुडून मरते. किती वेळाने, हे एकदा घड्याळ लावून बघितलं की झालं. तेव्हा मला आठवलं की हल्ली फादरांचं प्रवचन कधी रबरासारखं ताणलं जायचं, कधी अचानक आटोपायचं, आणि बोलताना त्यांची नजर सारखी डावीकडे जायची.

लगेच बोंब मारली असती, तर बहिणीची बाजू घेते, स्वतःच भोक पाडून आणलं, असं म्हणून त्यांनी मलाच खोटं पाडलं असतं. म्हणून मी आठवडाभर तोंड शिवून बसले. धाकटीलाही सांगितलं नाही. दावा मागे घ्यायचा तर सोमवारी घे, एवढंच तिच्याकडून कबूल करून घेतलं.

चौथ्या रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे वाती कातरायला वेदीवर गेले. डाव्या मेणबत्तीवरून बोट फिरवलं. ठिगळ लागलं. मी दुसरं काही केलं नाही. फक्त डावी उजवीकडे ठेवली आणि उजवी डावीकडे.

त्या दिवशी प्रवचन आज्ञाधारकपणावर होतं. मेंढरांनी मेंढपाळाचं ऐकावं, मेंढपाळ देवाचं ऐकतो, मेंढरू कोर्टात गेलं तर लांडगा त्याचा न्याय करतो. धाकटी माझ्याशेजारी मान खाली घालून बसली होती. फादर बोलता बोलता डावीकडे बघत होते. ज्योत ताठ उभी. त्यांनी मेंढरांची गोष्ट पुन्हा सांगितली. ज्योत ताठच. त्यांनी तहान लागली म्हणून पाणी घेतलं, मग धर्मगुरूंच्या पावित्र्याकडे वळले. पोरं रडायला लागली होती. फादरांच्या पाठीमागे उजवी ज्योत बारीक झाली, निळी पडली आणि विझली.

चर्चमध्ये सन्नाटा पसरला. फादरांना वाटलं, अखेर डावी विझली. त्यांनी घाईघाईने यादी उचलून धाकटीचं नाव वाचलं.

पहिल्या रांगेत म्हाताऱ्या सुईणबाई बसतात. अर्ध्या चर्चचा जन्म त्यांच्या हातून झालेला आहे, त्यामुळे त्या कुणाला भीत नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, तिची जळतेय. तुमची विझली."

फादरांनी मागे वळून बघितलं. ते काहीतरी परीक्षा, सैतान असं पुटपुटले, पण तोवर मी वेदीपाशी पोचले होते. वेदीला हात लावणं हे पाप आहे, म्हणून ते ओरडले. मी विझलेली मेणबत्ती काढून सुईणबाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, ही डावीकडची, सकाळी मी जागा बदलली, तुम्हीच फोडा. त्यांनी बाकाच्या कडेवर आपटून ती फोडली आणि कापलेली वात वर धरली. वात आणि ठिगळ रांगेरांगेतून फिरून माझ्या हातात आली. घंटेकाका मागून म्हणाले की दर शनिवारी फादर डावीकडची मेणबत्ती आपल्या खोलीत नेत होते, आशीर्वाद द्यायला.

मग मी बोलले. "ज्या देवाने सूर्य पेटवला, त्याला माझी मेणबत्ती विझवायला ब्लेड लागत नाही. चर्चचा कायदा ज्याला मनापासून पाळायचा आहे, त्याने पाळावा. पण माणूस नोकरीवरून काढायचा असेल, तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. नागरिकाचा हक्क ही काही छत्री नाही, चर्चच्या दाराबाहेर ठेवून यायला. आणि तुमच्याकडे खरं कारण असतं, तर तुम्हाला मेणबत्ती कापावी लागली नसती."

फादर मागच्या दाराने गेले. धाकटी मात्र उठून पुढे आली, माझ्या हातातला कापलेल्या वातीचा तुकडा तिने घेतला आणि रुमालात बांधला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात ती दावा मागे घ्यायला गेली नाही. विज्ञानाच्या बाई आल्या, ग्रंथपालही आल्या. संगीताचे सर आले नाहीत. निकाल अजून लागायचा आहे. चर्चने माझ्या मेणबत्त्या घेणं बंद केलं, आणि फादरांची बदली झाली, म्हणजे ते आता दुसऱ्या कुठल्या तरी गावात नावं वाचत असतील.

सर मला नंतर रस्त्यात भेटले. चेहरा पाडून म्हणाले, "पण मेणबाई, आधीच्या तीन वेळा तिच्याच नावाला विझली होती ना?"

कापलेली वात ज्या रांगेत फिरली, त्याच रांगेत हा शिकलेला माणूस बसला होता. फादरांचा राग माझ्या मनातून एक दिवस जाईल, पण सरांचा जाणार नाही. कारण ब्लेड एकाच्या हातात होतं, आणि ते चाललं ते अशा शेकडो भल्या माणसांच्या जोरावर. म्हणून चाळीस वर्षं मेणात हात भाजलेली बाई तुम्हाला सांगते, पुन्हा कुठे कुणाच्या नावाला मेणबत्ती विझली, तर त्या माणसाचं पाप शोधू नका. वात बघा.