मंगळवारची बंद चौकट

मित्रांनो, एका तडा गेलेल्या फोनच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात पडून असलेलं मी एक जुनं अ‍ॅप आहे. हल्ली मला कुणी उघडत नाही.

माझा जन्म घानातल्या अक्रा शहराच्या चोरकोर किनाऱ्यावर झाला. मासळी विकणाऱ्या बायकांच्या संघाची पुढारीण अमेर्ले हिनं मला घडवलं. तिला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. लो-कोड साधनातल्या तयार चौकटी एकीला एक जोडत ती आठवडेच्या आठवडे बसली, आणि चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची. माझं काम एकच होतं, बर्फाच्या कारखान्याला मागणी कळवणं. बर्फ चुकला की मासळी सडणार आणि बायकांची मेहनत पाण्यात जाणार. इतकी वर्षं मी कधी चुकलो नाही. बायका माझं कौतुक करत, तेव्हा मला फार बरं वाटे.

मग संघाची चिटणीस कोर्कोर एआयचं साधन घेऊन आली. तिनं त्याला नुसतं बोलून सांगितलं आणि मक्याच्या पिठाचं केंके खाऊन होईपर्यंत नवं अ‍ॅप तयार झालं. दिसायलाही देखणं होतं.

"अगं, ह्या म्हाताऱ्याला किती दिवस सांभाळणार?" कोर्कोर अमेर्लेला म्हणाली. "तुझ्या चौकटी जुळवता जुळवता माझे केस पिकले."

संघानं एकमतानं नव्याची निवड केली. अमेर्लेनंही हात वर केला. मला ते फार लागलं.

पुढच्याच मंगळवारी बर्फाची गाडी किनाऱ्यावर येऊन थांबली. एकही होडी पाण्यात नव्हती. आमच्याकडे मंगळवारी समुद्रावर कुणी जात नाही, तो त्याच्या विश्रांतीचा दिवस. लाद्या उन्हात वितळून गेल्या. नव्याच्या मागणीपायी कारखान्यानं बुधवारसाठी राखलेला बर्फच मंगळवारी पाठवून टाकला होता, आणि बुधवारी होड्या भरभरून आल्या. दुपारपर्यंत मासळीला वास सुटला. बायका कोर्कोरवर तुटून पडल्या.

"हे कुणी सांगायची गोष्ट आहे का?" कोर्कोर रडवेली होऊन म्हणाली. "शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"पोर इथं जन्मलेलं असतं," अमेर्ले म्हणाली. "माझ्या अ‍ॅपला मी सांगितलं होतं."

तिनं मला उघडलं. किती दिवसांनी! माझी मंगळवारची चौकट तिनं बंद ठेवली होती, ती तिनं कोर्कोरला दाखवली. वाटलं, आता मला परत बोलावतील. पण कोर्कोरनं तेवढं एक वाक्य नव्याला सांगितलं आणि ते लगेच शिकलं. पुन्हा कधी चुकलं नाही.

"आता हे पुसून टाकू?" तिनं विचारलं.

अमेर्लेनं फोन मागे घेतला. "असू दे. जागा फारशी अडवत नाही."

मित्रांनो, साधन कोणतंही निवडा, माझी तक्रार नाही. मात्र जुन्याला बाजूला सारण्याआधी त्याला काय काय ठाऊक आहे, ते एकदा विचारा. मला अजून बरंच ठाऊक आहे. रोज वाटतं, आज कुणीतरी विचारेल.