घरच्यांनी भरायचा कागद

"मला का वगळलं ते सांगा, नाहीतर मी इथून हलत नाही," असं म्हणून मी डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसकण मारली. ध्रुवावरच्या तळावर जनरेटर सांभाळत दोन हिवाळे काढलेला माणूस मी. तिसऱ्या मोहिमेच्या यादीत मात्र माझा पत्ता कट. माझ्या जागी ज्याला घेतलं, त्याने बर्फ पाहिला असेल तर फ्रीजमध्ये.

माझा रक्तदाब ठीक होता. दाढा भरून घेतल्या होत्या. तिथे पोटाच्या ऑपरेशनची सोय नाही, म्हणून मागेच धडधाकट अपेंडिक्ससुद्धा काढून घेतलं होतं. आता काय मुंडकं काढून देऊ?

डॉक्टर पहिल्या मोहिमेपासून मला तपासतात. म्हणाले, "तब्येतीत काही खोट नाही रे. घरच्यांचा कागद नडला."

हा कागद बायको भरते आणि बंद पाकिटात देते. माणूस झोपेत ओरडतो का, चिडतो का, अबोला धरतो का, असले प्रश्न. माझं टाळकंच सटकलं. मागच्या खेपेहून आल्यापासून आमच्यात बोलणं बेताचंच होतं, पण म्हणून तिने असा खोडा घालावा?

"काय लिहिलंय तिने?"

नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी फायलीतून तीन कागद काढून पुढे ठेवले. पहिल्या मोहिमेचा दोन्ही बाजूंनी गच्च भरलेला. गुडघा दुखतो पण सांगणार नाही. चिडला की जेवत नाही, तेव्हा कुणीतरी ताट पुढे सरकवा. खाली लिहिलं होतं, शक्यतो पाठवू नका. दुसरा अर्धा भरलेला. तिसऱ्यावर प्रत्येक प्रश्नापुढे नुसतं 'नाही', आणि शेवटी एक ओळ: कितीही दिवस ठेवून घ्या, हरकत नाही.

"पहिला कागद वाचून मी तुला डोळे मिटून घेतलं होतं," डॉक्टर म्हणाले. "महिनोन् महिने अंधारात काढायचे, तर मागे कुणीतरी वाट बघणारं लागतं. असा तिसऱ्यासारखा कागद आलेला एक जण मी पूर्वी पाठवलाय. पुन्हा ती चूक करणार नाही."

मी भांडायला आलो होतो. पण तिन्ही कागद जुळवून त्यांच्यापुढे सरकवले आणि स्टुलावरून उठलो.

घरी पोचलो तर दाराशी माझी बॅग भरून तयार. लोकरीचे मोजे जोड्या लावून वर ठेवलेले. बायको भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "झालं का नक्की?"

"गुडघा आडवा आला," मी म्हणालो.

तिची सुरी थांबली. तिचा चेहरा बघून मला तिचीच दया आली. ती उठली, मोजे उचलले आणि परत कपाटात लावायला लागली. मी मदतीला वाकलो, तर म्हणाली, "राहू दे."

जेवायच्या वेळी मी भूक नाही म्हणालो आणि टेबलापाशी बसून राहिलो. तिने बरं म्हटलं, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि जेवायला लागली.