संगप्पाची पिकअप

माझी आई स्लॅबखाली झोपत नाही. लातूरला माझा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यातली एक खोली चार वर्षांपासून तिच्यासाठी रिकामी ठेवलीय. मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दीडशे पोरं माझं म्हणणं मुकाट्यानं वहीत उतरवून घेतात. अव्वाला मात्र मी खांब, बीम, गज सगळं कागदावर काढून समजावलं, तर ती म्हणाली, "चित्र छान काढतोस रे."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे मला कळतं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर पडलं. माझे वडील संगप्पा, म्हणजे आप्पा, आणि माझी धाकटी बहीण गौरा आत होते. मी नऊ वर्षांचा. त्या संध्याकाळी आप्पांच्या पिकअपमधून गावचा गणपती विसर्जनाला गेला होता, गाडीला केळीचे खुंट बांधलेले, आणि मी तिच्यातच झोपायचा हट्ट धरला. मी भिईन म्हणून अव्वा सोबत आली. म्हणून आम्ही दोघं उरलो.

पुढे पुनर्वसनात पक्कं घर मिळालं. बाईनं त्यात कडबा भरला आणि स्वतः शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, एकवीस वर्षं. गावातल्या आणखी काही म्हाताऱ्यांनी तसंच केलं, म्हणून मी तिला वेडी म्हणत नाही. पण आता तिचे गुडघे गेलेत. चक्कर येऊन दोनदा पडली. पुढच्या वेळी पडली तर मला तिसऱ्या दिवशी कळेल, या विचारानं शिकवता शिकवता मला घाम फुटतो.

म्हणून मी ती पिकअप शोधायला लागलो. हसू नका. बिल्डिंगशेजारचा मोकळा प्लॉट माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा आहे. तिथं गाडी उभी करायची, वर ताडपत्री बांधायची. दिवसा अव्वा आमच्यात, झोपायला तिच्या गाडीत. जिनं वाचवलं तिच्यात तरी तिला झोप लागेल, असा माझा हिशेब होता.

भूकंपानंतर सहा महिन्यांतच अव्वानं ती विकली होती. कुणाला, विचारलं की "गेली ती गेली" एवढंच उत्तर. मग नंबरावरून शोधत शोधत मी भोकरला पोचलो. एका लाकडाच्या वखारीमागं, बाभळीखाली ती उभी होती. चौसष्ट सालची जीपची पिकअप, चारी टायर मातीत रुतलेले, सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. मालकानं आधी कोंबडी उचलली, मग व्यवहार केला.

गाडी ओढून नांदेडला दगडोबा मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. दगडोबानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "सर, तुमी शिकलेले मानसं. हिच्यापरीस नवी लई सस्त्यात पडंल."

"हीच पाहिजे. होती तशी."

"होती तशी म्हंजे कशी? ते तुमालाच ठाव."

आठ महिने दर रविवारी मी लातूर-नांदेड बस धरली. जाम झालेलं इंजिन उघडलं. कार्बोरेटर हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणला. दगडोबाला म्युझिक हॉर्न बसवायची भारी हौस, त्यावरून आमचं भांडणही झालं. निळा रंग खरवडला तर खाली आप्पांचा हिरवा निघाला, आणि मी तिथंच गॅरेजात रडलो. दगडोबा पाना शोधायला म्हणून बाहेर गेला. तळाच्या फळ्या, मागं खाली उघडणाऱ्या फाळक्याच्या साखळ्या, तो अडकवायचे दोन्ही बाजूंचे आकडे, एकेक आठवून मी त्याला सांगत गेलो. इतकं आठवतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात, सकाळीच नांदेड सोडलं आणि लातूर, औसा करत दुपारी गाडी अव्वाच्या शेडपुढं नेऊन उभी केली. ती तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून उठली, चार पावलं पुढं आली आणि थांबली.

"कशाला आणलास हिला?"

"तुझ्यासाठी. बघ तर खरं! फळ्यासुद्धा सागाच्या आहेत."

मी फाळका खाली टाकून दाखवला. "बस की जरा." ती बसली नाही, गाडीला हातही लावला नाही. मला राग आला. आठ महिने मेलो, आणि हिला कौतुक नाही! तरी उसनं हसू आणून मी फाळका वर उचलला आणि बडबडत आकडे अडकवले.

"आता कसा सहज हात पोचतो बघ. त्या रात्री घराच्या कडीला पोचत नव्हता. बादली उपडी घालून चढलो, तेव्हा कुठं लागली. तू इथून ओरडत होतीस, लाव कडी, परसादाची परात हाय आत, कुत्रं शिरंल."

बोललो आणि ऐकलं. बाहेरची कडी. आत आप्पा आणि गौरा झोपलेले.

"तू कुठं लावलास?" अव्वा लगेच म्हणाली. "मी लावले कडी. तू झोपला होतास."

"अव्वा, बादली पत्र्याची होती. डुगडुगत होती."

"मी लावले म्हन्ते न्हवं!" तिनं माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट.

दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती. पडायला कितीसा वेळ लागतो, कडी असो की नसो, हे मला कुणी शिकवायला नको. तरी आप्पा दारापर्यंत आले होते का, हे तिला विचारायची हिंमत झाली नाही. तिनं ते पाहिलं होतं. ढिगारा उपसायच्या आधीच मला उदगीरला मामाकडं पाठवलं होतं, आणि पुढं मी तिथंच वाढलो.

स्लॅबची भीती तिला कधी नव्हतीच. एका घरात राहिलो, रोज बोललो, तर एक दिवस मला हे आठवेल, याची होती. म्हणून गाडी विकली, म्हणून एकवीस वर्षं ती पत्र्याखाली एकटी राहिली. आणि मी आठ महिने खपून सगळं होतं तसं करून तिच्या दारात आणलं होतं.

"चल," ती म्हणाली. "येते मी लातूरला."

"गाडी प्लॉटवर..."

"गाडी नको मला. वर येते, तुझ्याजवळ. आजच."

ती शेडमध्ये गेली. पेटी ओढल्याचा आवाज आला. मी फाळक्याला टेकून उभा होतो.

"ईश्या," तिनं आतून हाक मारली, "मीच लावले होते. ऐकलास का?"

"हाव अव्वा," मी म्हणालो. "तूच लावलीस."